बैल मधी, डिकी पुढं

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही, ते आपले साठतात. आमच्या जुन्या गाड्यांच्या कंपूत गेल्या दहा-बारा वर्षांत इतके साठलेत, की एक काढायला जावं तर त्याला अडकून दुसरे तीन बाहेर येतात! मी आज सांगतोय ते सगळे एका डिकीतले आहेत. त्यातही पुढच्या डिकीतले. आणि आधीच कबूल करतो, सांगताना माझं मन साफ नाही. यातल्या एका माणसाचा मला हेवा वाटतो. वय चौऱ्याहत्तर, नावामागे डॉक्टरेट, आणि हेवा कुणाचा? तर कोथिंबीर पिकवणाऱ्या माणसाचा!

रविवारी सकाळी सातला आम्ही दहा-बारा जण गंगापूर रोडला एका मिसळीच्या हॉटेलासमोर आपापल्या गाड्या उभ्या करतो. त्यात दोन गाड्या अगदी सारख्या. इटालियन स्पोर्ट्स कार, बुटक्या, दोन सीटच्या, पाचरीसारख्या. इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या मधोमध. त्यामुळे पुढे बॉनेट उघडलं की इंजिन नाही, डिकी!

एक गाडी माझी. भंगारातून आणून अकरा वर्षं मी ती उभी करतोय. दुसरी मखमलाबादच्या दत्ताभाऊंची. त्यांना ती वडिलांकडून मिळाली, जसा मला माझ्या वडिलांकडून दमा मिळाला.

*

एका रविवारी पोलिसाने माझी गाडी अडवली. "बॉनेट उघडा." मी उघडलं. आत स्टेपनी, जॅक आणि माझी छत्री.

"इंजिन कुठंय?"

मी चाळीस वर्षं इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवलं आहे. मी गुरुत्वमध्यापासून सुरुवात केली. पुढच्या आणि मागच्या चाकांवरचं वजन, वळणावरचा तोल, सगळं सांगितलं. गाडीच्या धुळीवर बोटाने आकृतीही काढली. पोलिसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, घरी कुणाला फोन लावू का?"

तेवढ्यात मागून दत्ताभाऊ आले. काच खाली करून म्हणाले, "साहेब, बैल मधी बांधेल हाय. सामान पुढं."

"अस्सं होय! जा, जा."

चाळीस वर्षांत असं एक वाक्य मला सुचलं असतं, तर माझ्या वर्गातली निम्मी मुलं कँटीनमध्ये बसली नसती. मिसळ त्या दिवशी मला तिखट लागली नाही. बाकी सगळं लागलं.

*

दत्ताभाऊंच्या वडिलांनी, अण्णांनी, ही गाडी देवळालीच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून घेतली. म्हातारा परदेशी मुलाकडे निघाला होता. आता भाजीपाला करणाऱ्या माणसाने स्पोर्ट्स कार का घ्यावी?

मी दत्ताभाऊंना विचारलं. मला वाटलं, वेगाचं वेड असेल. रूपाची भूल असेल. माझ्याकडे तर त्यावर एक लेखच तयार होता.

"नाय सर," दत्ताभाऊ म्हणाले. "अण्णांनी पुढची डिकी उघडली, आत हात घातला, म्हणले गार हाय. इंजिनाची धग इथवर येत नाय. पंचवटीच्या बाजारात जाईस्तोवर कोथिंबीर मान टाकणार नाय. बास, घेतली!"

मी या गाडीवरची सहा पुस्तकं वाचली आहेत. सहाही लेखकांना हे सुचलेलं नाही.

*

कोथिंबिरीला ओलं गोणपाट लागतं. कंपनीची मॅट ओली होऊन कुजेल म्हणून अण्णांनी गाडी आणली त्याच दिवशी डिकीतलं सगळं काढलं, आईच्या जुन्या लुगड्यात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. चाळीसेक वर्षांनी ते गाठोडं माझ्यासमोर सुटलं.

डिकीची काळी मॅट. स्टेपनीचा चामडी पट्टा. हत्यारांची कापडी पिशवी. जॅकचं लांब हँडल. आणि हवेच्या दाबाचा छापील कागद, न चिकटवलेला!

माझ्या गाडीच्या पुढच्या डिकीत यातलं काहीही नव्हतं. कुणीतरी तिथे पत्र्याचा तुकडा मारून ठेवला होता. बाकीची गाडी मी ओरिजिनल करत आणली होती, एवढी जागा सोडून. मी खिशातून व्हर्नियर काढला आणि पट्ट्याची जाडी मोजू लागलो.

"सर," दत्ताभाऊ म्हणाले, "पोरगी बघायला आल्यासारखं चालवलंय की!"

मोजत मोजत मॅटच्या उजव्या कोपऱ्याशी आलो. तिथे एक अर्धगोल तुकडा नव्हता. खोटं का बोलू, मला बरं वाटलं. इतकं बरं मला निवृत्तीच्या निरोप समारंभातही वाटलं नव्हतं.

"उंदीर," मी म्हणालो. "उंदराने खाल्लीय. वाईट झालं."

दत्ताभाऊंच्या पत्नी, रखमावहिनी, चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला. "माझ्या माळ्यावर उंदीर? सर, मी दर सणाला माळा झाडते!" मग स्वतःला सावरत नवऱ्याला म्हणाल्या, "सरांना एवढं आवडलं हे, तर देऊन टाका ना. आपल्याकडं धूळच खातंय."

आणि मी, या भूतलावरचा सर्वांत सुशिक्षित गाढव, म्हणालो, "छे छे! तुमची आठवण आहे ती. असू द्या."

पुढच्या रविवारी ते सगळं दत्ताभाऊंच्या गाडीत बसवलेलं होतं.

*

त्या पट्ट्याच्या शिवणीचे फोटो मी आठवडाभर मोठे करकरून पाहत होतो. एका इंचात टाके किती, सहा की सात? पत्नीला बोलावलं. "शैला, तू मोज. माझा माझ्यावर विश्वास नाही."

तिने चष्मा लावला, मोजलं. "सात." मग चष्मा काढला. "लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. माझ्या हाताला टाके पडले होते, त्या वेळी किती पडले ते सांगा बघू."

मला आठवेना. मी "पाच" म्हणालो. तिने ते पुढे सांगितलंच नाही, आणि माझी अजून विचारायची हिंमत नाही.

*

वणीच्या गडाला मी आणि दत्ताभाऊ-वहिनी आपापल्या गाड्या घेऊन गेलो होतो. पायथ्याशी दत्ताभाऊंनी डिकी उघडली आणि वहिनींनी तिथूनच पेढे वाटले. लोक फोटो काढत होते. पेढ्याचा चुरा मॅटवर पडत होता, ओरिजिनल मॅटवर! मी माझी डिकी उघडलीच नाही, धूळ जाईल म्हणून.

तेवढ्यात मला दम्याची उबळ आली. पंप डिकीत! आणि डिकीची केबल अडकली. मी ओढतोय, झाकण ढिम्म. दत्ताभाऊ धावत आले. "थांबा सर, अण्णांची पद्धत हाय," म्हणाले आणि माझ्या बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर सरळ बसले. खट्! झाकण सुटलं.

आधी मला धाप दम्याने लागली होती. आता रंगाने लागली! पाच हात दिलेला रंग होता तो.

पंप ओढून जरा सावरलो आणि विचारलं, "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाय सर. अण्णांचं वजन पंच्याऐंशी किलो होतं."

*

आमच्या दोघांच्याही गाड्या जुन्या नाशकातला मुश्ताक मिस्त्री सांभाळतो. त्याला मी म्हणालो, दत्ताभाऊंच्या मॅटवरून कागदावर माप घे आणि मला तशीच बनवून दे. "सेम टू सेम हं, मुश्ताक. एक सूतही फरक नको." हे मी त्याला सात वेळा सांगितलं. शंकेखोर माणूस एकदा सांगून थांबत नाही.

महिन्याने मॅट आली. काय सांगू! तोच काळा, तीच वीण, कडेची तीच दुमड. आणि उजव्या कोपऱ्यात तोच अर्धगोल, उंदराचा!

"मुश्ताक! हे काय?"

"सर, आपनेच बोला ना, सेम टू सेम."

"अरे, तो उंदराने खाल्लेला भाग आहे!"

"तो मेरे को क्या मालूम, सर? उंदीर इटलीचा आहे की मखमलाबादचा!"

त्याच्याकडून मी तिथे ठिगळ लावून घेतलं. काम इतकं सुबक, की हात फिरवला तरी कळू नये.

*

मग आलं आमच्या गाड्यांचं प्रदर्शन. या वर्षी ओरिजिनल गाडीला कप होता आणि पुण्याहून एक परीक्षक येणार होते, डिकीचा कानाकोपरा पाहणारे. तो कप मला हवा होता. एवढ्या वयात एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटावी, याची लाज वाटत होती. पण हवी होती.

परदेशातल्या एका म्हाताऱ्या संग्राहकाला मी कधीचं डिकीबद्दल विचारून ठेवलं होतं. प्रदर्शनाच्या चार दिवस आधी त्याचा ईमेल आला. सोबत कोऱ्या गाडीच्या डिकीचा जुना फोटो. उजव्या कोपऱ्यात मॅटला अर्धगोल खाच. त्या खाचेत जॅकचं हँडल उभं.

म्हणजे उंदीर नव्हताच. खाच कंपनीची होती!

माझी डॉक्टरेट कशात आहे माहीत आहे? तुटलेली कड पाहून ती कशाने तुटली हे ओळखण्यात. आणि मला साच्याने कापलेली कड आणि उंदराचे दात यांतला फरक कळला नाही! कळला नाही, की कळून घ्यायचा नव्हता? मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दत्ताभाऊंना सांगायला तीनदा फोन उचलला. तीनदा ठेवला. मग दुपारी शैला भजनाला गेली तेव्हा दाढीचं ब्लेड घेतलं आणि माझ्या मॅटचं ठिगळ टाका टाका उसवलं.

प्रदर्शनाला दोन्ही गाड्या शेजारी. परीक्षकांनी माझी डिकी उघडली, खाच पाहिली, हसून काहीतरी लिहिलं. मग दत्ताभाऊंची उघडली. मीही डोकावलो.

खाच नव्हती! तिथे ठिगळ होतं. सुबक, हात फिरवला तरी कळू नये असं. पण परीक्षकांना कळलं. त्यांनी चुकचुक केलं आणि लिहिलं.

"आमची मंडळी ऐकंना," दत्ताभाऊ माझ्या कानात म्हणाले. "सरांनी उंदीर काढला, आता पुण्याचे साहेब काय म्हणतील? म्हणून मुश्ताककडून बुजवून घेतलं."

मुश्ताक मागेच उभा होता. तो आपली नखं बघत होता.

कप मला मिळाला. टाळ्या सगळ्यांत जोरात कुणी वाजवल्या हे सांगायला नकोच. मग दत्ताभाऊंनी परीक्षकांचा कागद माझ्यापुढे धरला. "सर, चष्मा घरी राहिला. काय लिहेल हाय?"

कागदावर इंग्रजीत होतं: डिकीतली प्रत्येक वस्तू मूळची आणि अजोड, फक्त मॅटची कंपनीची खाच कुणीतरी बुजवली, हे दुर्दैव.

मी म्हणालो, "मॅटला मार्क कमी पडले."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

*

पुढच्या रविवारी दत्ताभाऊंनी मिसळीच्या हॉटेलासमोर थाटात डिकी उघडली. आत कोरी मॅट. उजव्या कोपऱ्यात खाच!

"सर, तुमच्यावानी! मुश्ताककडं माप होतंच. म्हणलं, कपाची मॅट सरांची, मग आपली बी तशीच पाहिजे. सेम टू सेम हाय का, बघा बरं!"

मुश्ताक आज नखं बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"आणि जुनी?" मी विचारलं.

"ती व्हय? ती काळ्याखाली टाकली. आमचं कुत्रं. लय आवडली त्याला."

मी मिसळ अर्धी टाकून घरी गेलो. दुपारी कप माझ्या पुढच्या डिकीत ठेवला, बिस्किटांचे दोन पुडे घेतले आणि मखमलाबादला निघालो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. "दत्ताभाऊ, माझं एक चुकलं." नको. "दत्ताभाऊ, त्या कागदावर अजूनही काही लिहिलेलं होतं." हेही नको. प्रत्येक वाक्य गुरुत्वमध्यापासून सुरू होत होतं.

ओट्यावर ती जुनी मॅट होती आणि तिच्यावर काळ्या अंग मुडपून बसला होता. मुश्ताकचं ठिगळ त्याने चावून काढलेलं होतं. कोपऱ्यात खाच पुन्हा मोकळी. स्वच्छ, गोल, साच्यातून निघाल्यासारखी.

मी एक बिस्किट लांब टाकलं. तो उठला नाही. पुडा फोडून पुढे ठेवला. त्याने मान लांब करून बसल्या जागीच खाल्ला. मी हळूच मॅटच्या कडेला हात लावला. तो गुरगुरला.

"त्याला उठवू नका सर," आतून वहिनी म्हणाल्या. "लय जीव हाय त्याचा तिच्यावर. माझ्यावर बी भुंकतो!"

मी दुसरा पुडा संपेपर्यंत तिथे बसून होतो. मग उठलो. माझी डिकी नेमकी अडकली होती. आजूबाजूला पाहिलं आणि बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर बसलो. खट्! आतून कप काढला, ओट्यापर्यंत नेला आणि काळ्याच्या पुढ्यात ठेवला.

दत्ताभाऊ मळ्यातून हात पुसत आले. त्यांनी कपाकडे पाहिलं. काळ्याकडे पाहिलं. मॅटच्या मोकळ्या कोपऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"सर," ते म्हणाले, "पाणी घालू का त्यात?"

"घाला."