लांब बाह्यांचा ब्लाऊज

मुलीच्या बायोडेटात ‘छंद : वाचन’ लिहायची आमच्याकडे पद्धतच होती. वाचत कुणी नसे आणि विचारतही कुणी नसे. ताई मात्र खरंच वाचायची. अंबरनाथ पूर्वेच्या वाचनालयातून ती कादंबऱ्या आणायची आणि आई जीन्सचे सुटे दोरे कापत बसली की तिला गोष्ट सांगायची. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये तेव्हा घरोघरी या कामाचे गठ्ठे यायचे.

एका कादंबरीत आईने मुलीचं बहिरेपण लपवून तिचं लग्न लावलं होतं. मुलगी जन्मभर काही न ऐकता नुसती मान डोलवत राहते. आमची आई भयंकर चिडली. “आई आहे की कोण मेली! पोरीचा नंदीबैल केला.”

आणि त्याच आईने भर मे महिन्यात ताईला मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाऊज शिवला! ताईच्या कोपराखाली कोडाचा डाग होता आणि रविवारी बदलापूरहून पाहुणे तिला बघायला येणार होते. “आधी ठरू दे, मग बघू,” असं बाबांनी बजावलं होतं. मला संताप येत होता, पण धाकट्या बहिणीला कोण विचारतो?

पाहुणे आले, पोहे झाले. ताईच्या कानामागून घाम ओघळत होता. मुलाच्या आईने सहज विचारलं, “वाचनाची आवड आहे म्हणे. सध्या काय वाचतेस?”

बाबा कौतुकाने हसले. ताई सांगू लागली. बहिरी मुलगी, लपवणारी आई, डोलणारी मान. बाबांचं हसू मावळलं. आई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. गोष्ट संपली तशी ताईने बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सारली.

“हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं,” ती म्हणाली.

“कळवतो,” म्हणून पाहुणे उठले. चहा तसाच राहिला.

दार लागताच बाबा कडाडले, “तुला कुणी विचारलं होतं?”

“त्यांनीच विचारलं ना,” म्हणताना ताईला रडू फुटलं.

“आजपासून ती पुस्तकं बंद!” बाबा आईकडे वळले. “तू तरी सांग हिला.”

आईने दोरे कापायची कैची उचलली. ताईला जवळ ओढून तिने दोन्ही बाह्या कोपराच्या वर कापून टाकल्या.

“माझी पोर नंदीबैल नाही व्हायची,” ती बाबांना म्हणाली. “पुढच्या पाहुण्यांसमोर हाच घालून बसेल.”