राखेतला पेनड्राइव्ह

आईने पेनड्राइव्ह राखेत ठेवला होता. वालाच्या बियाण्याच्या मडक्यात, चांगला खोल पुरून. आमच्या धसईकडे बियाणं असंच टिकवतात, किडा लागत नाही. मी डोक्याला हात लावला. "अगं आई, हे काय वाल आहेत?"

"बियाणं टिकतं, मग ह्ये नाय टिकणार? तुझ्या बाबाचा आवाज हाय त्यात."

आवाज होता खरा. बाबांना टाइप करता येत नसे, म्हणून ते मला कल्याणला व्हॉइस मेसेज पाठवायचे. ऑफिसात मी ते सगळे या पेनड्राइव्हवर घेतले, आणि पुढे माझा फोन पाण्यात पडून मेला, तेव्हा तो आईकडे जपायला दिला. ऑफिसचा नियम असा, की मशीनला लागेल त्या पेनड्राइव्हला पासवर्डचं कुलूप बसतं. बाबांचं वर्षश्राद्ध झालं आणि आई म्हणाली, "एकदा त्यांची हाक ऐकव गो."

बाबांनी तिला कधी नावाने हाक मारली नाही. नुसतं 'गो'. आणि ही पहिल्या हाकेला कधी ओ द्यायची नाही. "वरडू दे जरा," म्हणत चुलीपाशी हसत बसायची.

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. त्याने पासवर्ड घेतला आणि वर पाटी दाखवली: डिस्क फॉरमॅट करा. म्हणजे आतलं सगळं पुसून टाका. शहापूरच्या दुकानात नेला, तर दुकानदार म्हणाला, "ताई, राख गेलीय आत. फॉरमॅट मारू?"

"हात तर लावून बघ!" मी तो हिसकावूनच घेतला. फॉरमॅट म्हणे! आत माझा बाप आहे.

घरी येऊन, राखेला शिव्या घालत, ब्रशने त्याचं टोक साफ केलं. मग जरा डोकं थंड झालं. पासवर्ड चालतोय, म्हणजे कुलूपही शाबूत आणि किल्लीही. बिघाड आतला. कुठली फाइल कुठे आहे याची जी नोंद असते, तीच खराब झालेली. माल आहे, पण मडक्यांवरच्या खुणा पुसल्यात. अशा वेळी मूळ पेनड्राइव्हवर काही लिहायचं नाही. आधी त्याची जशीच्या तशी प्रत काढायची, दुरुस्ती त्या प्रतीवर करायची. प्रत निघताना मध्येच अडकायची, आणि समोर वाल पाखडणारी आई विचारायची, "किडा लागला काय?"

"लागलाय. पण राखेमुळे नाही, चिपच झिजलीय."

"बग! मी सांगत हुते."

शेवटी फाइली निघाल्या. नावं गेलेली, बऱ्याचशा तुटक्या. एकीत बाबांचा नुसता खोकला. एकीत "भात झोडून झालं, तू येतेस कवा?" एवढंच. मला रडू आवरेना. कवा येतेस म्हणून विचारत होते, आणि आता मी आले होते.

आईला मारलेली हाक मात्र कशातच नव्हती. अगदी शेवटची फाइल राहिली. तिच्यात बाबा मला एसटी चुकल्याचं सांगत होते. मग बहुतेक रेकॉर्डिंग बंद करायला विसरले आणि परसाकडे तोंड करून ओरडले, "गो, ऐकतेस काय?"

आईच्या हातातलं सूप थांबलं.

"ओ," ती म्हणाली. पहिल्याच हाकेला. "ऐकते ना. बोला."

फाइल तिथेच तुटली होती. आई लॅपटॉपकडे बघत वाट पाहत राहिली.