नसलेल्या म्हशीची चोरी

माझ्या नोकरीतले खून-दरोडे आता एकमेकांत मिसळून गेलेत. दुष्काळातली ती बैलचोरी मात्र काही केल्या पुसली जात नाही. पोलिसांवर नजर ठेवायला देशात मानवी हक्क आयोग स्थापन करावा की नको, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. माझं मत त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, नगर जिल्ह्याच्या कोरड्या भागातल्या एका ठाण्यात ठरून गेलं होतं.

मी तेव्हा नवा फौजदार. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस, आणि ते मी मिरवतही असे. ठाणं कौलारू, पुढे कडुलिंब. सकाळची हजेरी झाली, टँकरच्या रांगेवर शिपाई रवाना केले, की आमचे हवालदार पितळी पेला टेबलावर ठेवत. "साहेब, आधी चहा, मग कायदा." तसा चहा नंतर जीपगाड्या आणि पंखे असलेल्या ठाण्यांतही मिळाला नाही.

दुष्काळी कामावर मजुरांची गडबड झाली म्हणून मी बंदोबस्ताला गेलो होतो. परत आलो तर कोठडीत एक माणूस.

"बैलजोडीचा चोर, साहेब. कबूल झालाय," हवालदार म्हणाले.

एका शेतकऱ्याची खिलार जोडी गोठ्यातून गेली होती. पोलीस पाटलाने खबर दिली, की त्याच सुमारास ओढ्याकाठी पालं पडली होती. त्या पालांतला हा माणूस. खबरीत पुरावा एवढाच, की त्याच्या जमातीवर चोर म्हणून शिक्का पिढ्यान्पिढ्यांचा. अटकेची नोंद नव्हती. तोंडी उत्तर, "चौकशीला बोलावलाय." त्याचे तळवे सुजलेले होते.

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, मुद्देमाल लागतो. बैल लपवल्याची जागा म्हणून त्या माणसाने आधी ओढ्याची घळ दाखवली, मग माळावरची पडकी विहीर. कुठेच काही नाही.

"लई पोचलेला हाय. अजून थोडा बोलता केला पायजे," हवालदार म्हणाले.

"आता कुणीही हात लावायचा नाही," मी म्हणालो.

"साहेब, कॉलेजात चोर कसा बोलतो ते शिकवत न्हाईत."

हवालदार वाईट माणूस नव्हते. शिपाई आजारी पडला तर त्याच्या घरी स्वतः भाकरी नेऊन द्यायचे. चोरी उघडकीला आणायची दुसरी रीत त्यांना कधी कुणी शिकवली नव्हती, आणि या रीतीबद्दल कधी कुणी विचारलंही नव्हतं.

कडुलिंबाखाली त्या माणसाची बायको बसून होती. मी बाहेर येताच उठली.

"साहेब, त्यानं न्हाई केलं. तुमी बी न्हाई ऐकलं तर मी कुनाकडं जाऊ?"

"नगरला आमचे मोठे साहेब आहेत."

"त्ये बी पोलिसच न्हवं?"

"मग कोर्ट आहे, बाई."

"कोर्टात मला कोन शिरू देतंय? दारावर पुन्ना पोलिसच." मग सरळ माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "पोलिस सोडून कुनी हाय का, तेवढं सांगा."

सगळा कायदा पाठ होता मला. तिला सांगण्याजोगं काही सापडेना.

दुपारी मी त्या माणसाला माझ्या खोलीत आणून बसवलं, पाणी दिलं. हवालदार दारात उभे. मी बैलांचा रंग विचारला.

"पांढरी हुती." हवालदारांची भुवई हलली. "न्हाई, तांबडी हुती, साहेब."

तो उत्तर शोधत होता ते हवालदारांच्या चेहऱ्यावर. तेव्हा मला सुचलं.

"आणि मळ्यातली म्हैस? ती कुणी नेली?"

त्याने पुन्हा दाराकडे पाहिलं. "म्हस बी म्याच नेली."

"शिंगं कशी होती तिची?"

"तुमी म्हनाल तशी, साहेब."

हवालदार गोंधळून पुढे आले. "कुठली म्हैस, साहेब? आपल्या हद्दीत एकही म्हैस गेली न्हाई."

"तेच म्हणतोय मी."

हवालदार टोपी काढून हातात धरून उभे राहिले.

मी तडक फिर्यादीच्या वस्तीवर गेलो. खरं तर पहिल्या दिवशीच कुणीतरी तो गोठा नीट बघायला हवा होता. बैलांबरोबर पोळ्याची झूल गेली होती, आंबोण खाऊ घालायची पाटीही गेली होती. चोर बैल नेतो. बैल पोटभर खाईल की नाही याची काळजी नेत नाही. घेऊन जाणारा त्या जोडीवर जीव लावणाराच होता.

फिर्यादीचा धाकटा भाऊ दावणीशी उभा होता. त्याला बाजूला घेतलं. "झूल कुठं आहे?" एवढंच विचारलं.

तो खाली बसला. "दादा जोडी खाटकाला देनार हुता. चाराच न्हाई तर काय करतो म्हना. अकोल्याला बहीन हाय, डोंगरात थोडं गवत हाय. दाजी आल्ते, त्यांच्या हाती धाडली."

"एक माणूस त्यापायी कोठडीत मार खातोय, माहीत नव्हतं?"

"हुतं की." मान खालीच. "पर त्यास्नी काय, सवय असती म्हनलं."

गुन्हेगारांची कबुली मी पुष्कळ ऐकली. इतकी थंडपणे दिलेली कबुली दुसरी नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले ठाण्याला वायरलेस केला. जोडी बहिणीच्या गोठ्यात निवांत रवंथ करत होती, पाटीसकट. त्या माणसाला सोडलं. तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला.

"साहेब, बैलं घावली. पर ती म्हस? ती म्या कुठून आनून दिऊ?"

"अवो, चला," बायको त्याचा दंड धरून म्हणाली. "म्हस न्हवतीच कदी."

झालेल्या मारहाणीचा रिपोर्ट मी नगरला धाडला. चौकशी आमच्याच खात्याने केली, ताकीद दिली, प्रकरण संपलं. तपासाबद्दल माझी मात्र पाठ थोपटली गेली, आणि ती मी खुशाल थोपटून घेतली.

पुढे आयोगाची चर्चा निघाली तेव्हा नगरच्या सावेडीत सकाळी फिरायला येणारे माझे निवृत्त वरिष्ठ सहकारी चिडायचे, "पोलिसाचे हात बांधायला निघालेत." मी त्यांना सांगायचो, हात बांधणं दूर राहिलं, पोलीस नसलेला एक माणूस तक्रार ऐकायला बसवतायत. एवढ्याने ज्याचे हात बांधले जातात, त्याने आपल्या हातांकडे एकदा बघावं. असा आयोग झाला म्हणून मारहाण थांबेल, इतका भाबडा मी नाही. पण कडुलिंबाखालच्या बाईला सांगायला एक पत्ता तरी असेल.

तो माणूस सुटला, कारण मजुरांची गडबड लवकर मिटली आणि मी परत आलो. ती आणखी आठवडाभर चालली असती तर? फौजदार चांगला निघाला हे त्याचं नशीब होतं. हक्क म्हणजे नशीब नव्हे.