फळत्या झाडावर पहिला घाव

मैत्रिणींनो, आठ वर्षांची संत्र्याची बाग तोडून तिथे ज्वारी पेरली, तर ती येईल का? याचे उत्तर मला येत नाही, आणि बाग तोडण्याचा सल्ला मात्र माझाच होता. म्हणून आपल्या मैत्रिणींत एकीकडून दुसरीकडे फिरणारी ही वही हाती येताच लिहायला बसले.

या महायुद्धामुळे रेल्वेचे डबे फौजेकडे जातात, संत्र्यांना मिळत नाहीत, फळ झाडाखालीच सडते, आणि बाजारात ज्वारी दिसत नाही. घरातली पहिली बी.ए. म्हणून बाबांनी माझे ऐकले.

आज सकाळी सावनेरच्या शेतात लाकूडतोडे आले. त्यांच्यातले म्हातारे गणपतकाका कुऱ्हाड टेकून उभेच राहिले. "फळतं झाड हाय, बाई. पयला घाव घरच्यानंच घालावं लागते."

बाबा मागे सरले. "मले नाही होत वं. याले म्या घागरीनं पाणी घातलं."

"मंग बाई, तुमच्या पुस्तकात कुऱ्हाड कशी धरतेत ते लिवलं हाय का?" काकांनी विचारले.

मी त्यांच्या हातातून कुऱ्हाड घेतली. ज्वारी आली नाही, तर पुन्हा बाग उभी करण्याइतकी वर्षे बाबांच्या हाताशी नाहीत. तुम्ही काय केले असते?

मी झाडाला हळदकुंकू लावले, पदर खोचला आणि पहिला घाव घातला.