हौदात न उतरणारी बाई

शिगेनोला मी एकदाच मारायला धावले होते, तेही उघड्या अंगाने, साबणाच्या फेसासकट.

जपानातल्या सेतो समुद्राकाठच्या आमच्या बंदरातलं सार्वजनिक न्हाणीघर शिगेनोचं. दाराशी उंच ओटा, त्यावर ही बसणार. डाव्या हाताला बायका कपडे उतरवतायत, उजव्या हाताला पुरुष, आणि मधे ही, पंखा हलवत. लग्न होऊन आली तेव्हापासून तिथेच. नवरा गेल्यावर पाणी तापवायची भट्टीही तिनेच सांभाळली. तिने उघडा पाहिला नाही असा माणूस गावात शोधून सापडायचा नाही. पण कोणाच्या पाठीवर वळ आहेत, कोणाला दिवस गेलेत, यातलं अवाक्षर कधी तिच्या तोंडून निघालं नाही. रस्त्यात भेटली की फक्त थंडीवाऱ्याच्या गप्पा.

त्या संध्याकाळी ती ओट्यावरून उतरली, माझ्यामागे उकिडवी बसली आणि पाठ घासता घासता हळूच म्हणाली, "मित्सुए, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"जास्त शहाणपणा नको. अंगावरून कधीपासून जातंय?"

मी हातातलं लाकडी घमेलंच उगारलं. ती पळाली, मी मागे. बाकीच्या बायकांना वाटलं, म्हाताऱ्यांना चळ लागलाय.

आमच्यात रीत अशी, की अंगावरून जात असताना बाईने सगळ्यांच्या हौदात उतरायचं नाही. बाहेरच बादलीने अंग धुवायचं. तरुण पोरीने तसं केलं तर कोणी ढुंकूनही बघत नाही. पण माझी पाळी जाऊन जमाना झाला होता. टोफू विकणारी मी अलीकडे हौद सोडून बादलीशीच का बसते, हे शिगेनोने बरोबर हेरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानातच येऊन बसली. "नगरपालिकेचं तपासणीचं पाकीट आलं असेल ना?"

"आलंय. लोणच्याच्या बरणीवर झाकलंय."

"घ्या! फुकटची तपासणी, आणि बाईसाहेबांनी तिचं झाकण केलं!"

"अगं, तो इकुमा डॉक्टर रोज सकाळी माझ्याकडून टोफू नेतो. त्याच्यापुढे पाय फाकवून पडू, आणि दुसऱ्या दिवशी 'मऊ देऊ की घट्ट' म्हणून विचारू?"

"कमरेवर पडदा असतो तिथे. त्याचं तोंड तुला दिसत नाही, तुझं त्याला दिसत नाही."

"त्या पडद्याचीच तर धास्ती. पलीकडे काय चाललंय ते कळायला नको? आणि बाहेर बाकावर सगळ्या पोटुश्या पोरी. या म्हातारीचं इथे काय काम, म्हणून कुजबुजतील."

"न्हाणीघरात गावभरच्या बायकांसमोर उघडी बसतेस, तेव्हा नाही लाज वाटत?"

"न्हाणीघरात सगळ्याच उघड्या असतात, शिगेनो. तिथे मी एकटी."

ती उठून उभी राहिली. वाटलं, जिंकले मी. मग म्हणाली, "बरं. दोघी जाऊ. आधी मी बसते त्या खुर्चीवर. तू बघ, खाते का मला ती."

दवाखान्यात तिने खरंच मला आत ओढलं आणि उशाशी उभं केलं. खुर्ची आपोआप मागे कलली, नर्सने पडदा ओढला. पडद्याआडून डॉक्टरच्या चपला वाजल्या तशी ही खणखणीत आवाजात म्हणाली, "इकुमा, काढ बरं तो पडदा. आईच्या कडेवर यायचास तेव्हापासून तुला बघतेय मी. आज तू बघ, म्हणजे फिटंफाट!"

नर्स तोंडात रुमाल कोंबून हसली. मला तर हसून हसून रडू आलं. कानापर्यंत लाल झालेल्या डॉक्टरने पडदा सारला आणि तोही हसत हसत वाकला.

पडदा असता तर मला दिसलं नसतं. त्याचं हसू मावळलं.

"शिगेनो काकू," तो हलक्या आवाजात म्हणाला, "अंगावरून कधीपासून जातंय?"

माझी नजर तिच्या तोंडावर गेली.

"जातंय थोडंसं," ती छताकडे बघत म्हणाली. "ओट्यावर बसून बसून होत असेल."

मग मीही चढले खुर्चीवर. माझा निघाला आतला साधा मसा. तिथल्या तिथे काढला त्याने. तिचा मात्र पुढच्या तपासात कर्करोग निघाला, तोही चांगलाच वाढलेला. न्हाणीघरवालीने सगळी गिऱ्हाईकं गेल्यावर, दार लावून, एकटीने आंघोळ करायची असते. ती हौदात उतरते की बादलीशी बसते, हे बघणारं कोणी नव्हतंच. साऱ्या गावावर तिची नजर, तिच्यावर कोणाचीच नाही. या विचाराने मला आजही भडभडून येतं.

त्या दिवशी परतताना मी रस्त्यातच भांडायला उभी राहिले. "मला धरून आणलंस! आणि स्वतःचं लपवलंस होय गं, मेले?"

"एकटीने यायचा धीर होत नव्हता," ती म्हणाली. "तुला बादलीशी बसलेलं बघितलं आणि बरं वाटलं मला. सोबत मिळाली म्हणून. राग येऊ देऊ नकोस."

काय राग धरणार? मी तिचा हात घट्ट धरला आणि घरी नेलं.

ती शहरातल्या इस्पितळात होती तोवर ओट्यावर मी बसले. एखादी बाई बादलीशीच घुटमळताना दिसली की पाठ घासायला म्हणून खाली उतरायचे. दोघींनी शिव्या घातल्या, एक निमूटपणे माझ्याबरोबर दवाखान्यात आली.

आता शिगेनो परत आलीय, वाळून काटकी झालेली, जीभ मात्र तशीच. दार लागलं तरी मी घरी जात नाही. "अजून इथेच का तू? टोफू नासेल तुझा!" म्हणून ती खेकसते. खेकसू दे. आधी तिला हौदात उतरताना बघते, मग मी उतरते.