बंद बटन आणि मावशी

आमच्या मावससासूबाईंचा जगातल्या कुठल्याही बंद बटनावर विश्वास नाही. देवावर आहे, ओव्याच्या अर्कावर आहे, माझ्यासारख्या जावयावरही थोडाफार आहे; पण बटन बंद केलं म्हणजे वीज बंद झाली असं कोणी म्हणालं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. जन्मभर नागपूरच्या महाल भागातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या. नात्यात लहानथोर सगळे त्यांना नुसतं मावशी म्हणतात, आणि त्या येणार असं कळलं की सोफ्याच्या आधी स्विचबोर्ड पुसतात. त्यांच्या पर्समध्ये चष्म्याचं घर असतं, पण त्यात वीज तपासायचे दोन टेस्टर असतात. चष्मा दिवसभर नाकावर असतो, मग घर रिकामं काहून ठेवायचं, असा त्यांचा हिशोब.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नाच्या बोलणीत. मुलीकडची मंडळी आमच्या घरी आली होती. पोहे झाले, पत्रिका झाल्या, माझ्या हिंगण्याच्या नोकरीची चौकशी झाली. एवढ्यात कोपऱ्यातल्या एक बाई उठल्या, खिडकीजवळच्या बोर्डापाशी गेल्या, प्लगचं बटन बंद केलं, टेस्टर भोकात घातला आणि त्यावर पदराचा आडोसा करून आत डोकावू लागल्या. बाईंना चक्कर आली असं वाटून माझे वडील पाणी आणायला धावले. बाईंनी वळून शांतपणे सांगितलं, "पोरगा बरा आहे. पण तुमचं बटन न्यूट्रलवर आहे. ते सुधरवा, मंग पुढचं बोलू." साखरपुड्याआधी आमच्याकडे सोनाराच्याही अगोदर वायरमन येऊन गेला.

तो धडा मी तेव्हापासून इतक्यांदा ऐकला आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. घरात वीज आणते ती फेजची वायर, परत नेते ती न्यूट्रलची. बटन आणि फ्यूज बसवायचे ते नेहमी आणणाऱ्या वायरीवर. नेणाऱ्या वायरीवर बसवले तरी दिवा विझतो, पंखा थांबतो, वरून सगळं शहाण्यासारखं दिसतं. फक्त वीज पार आतपर्यंत येऊन बसलेली असते. जुन्या घरांत दोन्ही वायरींवर फ्यूज असायचे. त्यातला न्यूट्रलचा उडाला की घर अंधारात आणि वायरी मात्र जित्या, म्हणून मावशींना त्या जोडीचा विशेष राग. हे त्यांनी बारशात सांगितलं आहे, डोहाळजेवणात सांगितलं आहे, आणि एका सत्यनारायणाला तर गुरुजींकडून वदवून घेतल्याशिवाय त्यांना आरतीला उभं राहू दिलं नाही. देवघरातला बोर्ड तपासतानाही त्या पायातली रबरी चप्पल काढत नाहीत. कोणी नाक मुरडलं तर म्हणतात, देवाले समजते.

माझ्या मेव्हण्याने नवं घर घेतलं, तेव्हा त्याच्या बैठकीतला एलईडी बल्ब बंद केल्यावरही मिणमिणत राहायचा. फुकटात नाइट लॅम्प मिळाला म्हणून तो पाहुण्यांना पडदे ओढून दाखवायचा. वास्तुशांतीच्या जेवणात मावशींच्या हातातला वडा तसाच राहिला. "बाबू," त्या म्हणाल्या, "तो दिवा तुले काही सांगून राहिला, अन् तू लोकाईले हसून दाखवून राहिला." बल्ब मिणमिणतो याची कारणं आणखीही असतात, असं मेव्हणा वाचून आला होता. बोर्ड उघडला तेव्हा मावशींचंच कारण निघालं. त्या दिवशी त्यांनी वडा मोठ्या समाधानाने संपवला.

एवढं सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण आम्ही राहतो नागपुरात आणि इथे उन्हाळ्यात घरोघरी कूलर लागतो. पत्र्याची पेटी, आत मोटर, खाली टाकीभर पाणी, आणि ते पाणी भरायला ओल्या हातांची, अनवाणी माणसं. कितीही सांगा, कोणी प्लग काढत नाही, सगळे बटनच दाबतात. मग ते बटन तरी खरं बोललं पाहिजे, असं मावशींचं म्हणणं. एका उन्हाळ्यात त्यांच्या महालातल्या घरी त्यांनीच कूलरचं बटन बंद केलं होतं आणि धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, "बंद आहे, टाक पाणी" असं सांगितलं होतं. पंखा थांबलेला होता. सासूबाईंचा हात पत्र्याला लागला तो तिथेच चिकटला. मावशींनी मेन स्विच पाडला म्हणून त्या वाचल्या. उजव्या हाताची दोन बोटं आजही पुरती सरळ होत नाहीत, आणि त्या बोटांनी त्या उत्तम करंज्या करतात. ही हकीकत त्याच सांगतात, तीही हसत. मावशी एवढंच म्हणतात की बटन चुकीच्या वायरीवर घेतलं वायरमनने, पण बंद आहे हे शब्द माझे होते.

म्हणून दर वर्षी कूलर लावला की त्या येतात आणि त्यांनी पाहिल्याशिवाय आमच्याकडे टाकीत पाणी पडत नाही. त्यांचा एक नियम आहे. टेस्टर आधी चालू भोकात घालून त्याचा दिवा लागतो का ते पाहायचं. टेस्टर जिता आहे अशी खात्री झाली, मगच बंद जागी लावायचा. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी असाच चालू भोकात टेस्टर घातला, पदराचा आडोसा केला, आणि बराच वेळ पाहून म्हणाल्या, "हा मेला वाटते." चष्म्याच्या घरातून दुसरा काढला. तोही घातला. "हाही गेला. आजकाल काही टिकतच नाही." मी त्यांच्या मागेच उभा होतो. पदराच्या सावलीत दुसरा टेस्टर छान लागलेला मला दिसत होता. पहिलाही लागला होता.

बायको पाण्याचा पाइप धरून उभी होती. तिनेही पाहिलं होतं. मला गप्प बसता आलं असतं, हसून नवा टेस्टर आणून देता आला असता. पण ज्या बाईने आयुष्यभर आम्हाला दिसतं त्यावर जाऊ नका म्हणून सांगितलं, तिच्याशी खोटं बोलायची मला लाज वाटली. "मावशी," मी म्हणालो, "दोन्ही लागलेत."

त्यांनी टेस्टर भोकातून काढला, पदराला पुसला आणि चष्म्याच्या घरात ठेवला. मग खुर्चीवर बसून पाणी मागितलं. पुढे दाखवलं तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचं दुखणं सांगितलं. आहे ते जपायचं, गेलेलं परत येणार नाही. मावशींनी आम्हाला त्यावर फार बोलू दिलं नाही. घरातल्या घरात फिरण्यापुरतं दिसते ना मले, म्हणाल्या.

या वर्षी कूलर लावला आणि मी महालात जाऊन त्यांना घेऊन आलो. आल्या आल्या त्यांनी खुर्ची कूलरजवळ ओढायला लावली आणि चष्म्याचं घर माझ्या हातात दिलं. रबरी चप्पल घालून मी टेस्टर आधी चालू भोकात घातला.

"लागला?"

"लागला."

"कसा दिसून राहिला?" याचं उत्तर मला कधी द्यावं लागलं नव्हतं. नारिंगी आहे, अगदी बारीक, थोडा थरथरतो, असं मी सांगितलं. त्या ओळखीचं माणूस भेटल्यासारख्या हसल्या. मग मी बटन बंद केलं, टेस्टर कूलरच्या आतल्या जोडावर लावला, पत्र्यावर लावला. नाही लागला, म्हणालो.

"बंद आहे म्हणता?"

"बंद आहे, मावशी."

मग खुर्चीतूनच त्यांनी आपला हात कूलरकडे नेला, पत्रा चाचपायला. माझ्या एका शब्दावर. मला एकदम भीती वाटली, आणि त्यांचा हात पोचायच्या आत मी टेस्टर पुन्हा एकदा चालू भोकात घालून पाहिला, मग पुन्हा पत्र्याला लावला.