मगनचा शब्द आणि माझा नियम

मगन गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवापूरला भाचीकडे जेवायला बसलो होतो. त्याचा मुलगा एवढंच म्हणाला, "काका, बापू गया…" म्हसावदच्या वरच्या डोंगरातून उतरताना त्याने मोटारसायकल कडेला नीट स्टँडवर लावली, छातीवर हात दाबून खाली बसला आणि उठलाच नाही. पेपरात दोन ओळी आल्या, 'सामाजिक कार्यकर्त्याचे निधन'. हे वाचून तो हसला असता. तो ब्राह्मणपुरीचा गुजर शेतकरी होता, केळी लावायचा, आणि लोकांना दिलेल्या एका शब्दापायी मेला. तो शब्द ज्यांनी त्याला पाळू दिला नाही त्यांत मीही आहे, म्हणून पंधरा दिवसांनी हे लिहायला बसलोय.

आम्ही शाळेपासूनचे सोबती. पुढे मी शहरातल्या एका सरकारी जनुकशास्त्र संशोधन संस्थेत तंत्रज्ञ म्हणून लागलो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या अभ्यासासाठी संस्थेने शहाद्याला तीन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मला तिथे बसवलं. डोंगरात जाऊन रक्ताचे नमुने आणायला माणूस हवा होता, मी मगनचं नाव पुढे केलं. त्याच्या मळ्यात डोंगरातले पावरा आदिवासी मजूर पिढ्यान् पिढ्या येत असल्याने तो त्यांची पावरी बोली घरच्यासारखी बोलायचा. नमुन्यांची पेटी थंड राहावी म्हणून तिच्याभोवती केळीची ओली पानं गुंडाळायचा. संस्थेतून आलेल्या पाहुण्यांना याचं फार कौतुक, फोटो काढायचे. पानांचा फोटो पुढे अहवालात छापून आला, मगनचं नाव आलं नाही.

या आजाराचं गणित सरळ आहे. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर माणूस नुसता वाहक असतो, धडधाकट दिसतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. दोन वाहकांचं लग्न झालं की मात्र प्रत्येक बाळंतपणात धोका, आणि दोन्हीकडून दोष घेऊन आलेलं मूल हाडांच्या दुखण्याने तळमळतं. म्हणजे रिपोर्ट लग्नाआधी हातात पडला तर उपयोग, नंतर म्हणजे वरातीमागून घोडं. मगन प्रत्येक पाड्यावर हेच समजावून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, रिपोर्ट मी स्वतः घरी आणून देईन. संस्थेच्या संमतीपत्रात हे वाक्य नव्हतं. पण लोकांनी अंगठे उठवले ते त्या वाक्यावर.

संस्थेचा नियम असा की नळीवर फक्त नंबर घालायचा. नंबर कोणाचा हे एका रजिस्टरात लिहायचं, ते भरलं की सीलबंद करून शहरात पाठवायचं, प्रत ठेवायची नाही. कोणाचा आजार चव्हाट्यावर येऊ नये म्हणून हा नियम, आणि नियम वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. पण एकदा पेटी रिकामी करताना मला तळाशी दोनशे पानी वही सापडली. नंबर, नाव, पाडा, बापाचं नाव, सगळं मगनच्या वळणदार अक्षरात.

"हे काय?"

"नावं शेतस. संस्था दूर शे, मी आठेच शे. उद्या लोके मलेच इचारतीन."

संस्था लांब, तो इथेच, लोक त्यालाच विचारणार, हे खरं होतं; तरी मी साहेबी आवाजात त्याला नियम वाचून दाखवला. नोकरी जाईल म्हणालो… माझी, त्याची नव्हे. त्याने वही माझ्यापुढे सरकवली. वही रजिस्टरासोबत सीलबंद होऊन गेली आणि मला दक्षतेबद्दल शाबासकीचं पत्र आलं. मगन पुढचे चार दिवस पेटी उंबऱ्यावर ठेवून तसाच निघून जायचा.

प्रकल्प संपला, खोल्यांना कुलूप लागलं. रिपोर्ट आले नाहीत. मगनने पत्रं लिहिली, फोन केले. नमुने संशोधनासाठी आहेत, व्यक्तिगत निकाल देण्याची तरतूद नाही, हे एकच उत्तर. शेवटी आम्ही दोघं शहरात गेलो. एका तरुण अधिकाऱ्याने अभिमानाने शीतपेट्यांची रांग दाखवली, म्हणाला, उणे ऐंशी अंशावर सगळं पन्नास वर्षंसुद्धा सुरक्षित राहील. चहा पाजला. परत येताना मगन बसमध्ये एवढंच बोलला, "त्यासनी रगत मले दिनं, संस्थाले नही. आते मी त्यासले काय तोंड दखाडू?"

तोंड दाखवायची वेळ आलीच. एका पाड्यावरच्या जोडप्याचं मूल सारखं आजारी, सुजलेली बोटं, पांढरेफटक डोळे. जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासलं तर आईबाप दोघेही वाहक. दोघांचं रक्त मगनने लग्नाच्या आधी, एकाच दुपारी घेतलं होतं. त्या बापाने आरडाओरडा केला नाही. मगनला पावरीत विचारलं, तेव्हा तूच आला होतास ना? हे सांगताना मगन माझ्याकडे बघत नव्हता. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो एकटाच पुन्हा पाडे पालथे घालू लागला. उपकेंद्राच्या नर्सबाई साधी चाचणी करून द्यायच्या, मगन आठवेल त्या घरी जायचा, रक्त आणायचा, चिठ्ठी परत नेऊन द्यायचा. वही नव्हती, म्हणून सगळं आठवणीवर. मला म्हणाला, तूही चल. मी गुडघे पुढे केले. गुडघ्यांना तसं काही झालेलं नव्हतं.

तेराव्याला गेलो तेव्हा भाभींनी त्याचा फोन माझ्यापुढे ठेवला. "मन्हाकडथून हाऊ फोन उचलाय नही, अशोकभाई. तुम्हीच बोला." रोज दोन-तीन तरी येतात, उचलवत नाहीत म्हणाल्या. बोलत असतानाच तो वाजला. पलीकडे शहाद्याला कॉलेजात शिकणारी एक पावरा मुलगी होती, मराठी स्वच्छ. "मगनभाई, मी आश्रमशाळेत होते तेव्हा तुम्ही आमचं रक्त नेलं होतं. होळीनंतर माझं लग्न ठरतंय. माझा रिपोर्ट आला का?"

भाई गेले, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "मग आता माझा रिपोर्ट कोणाकडे आहे?"

कोणाकडे आहे ते मला चांगलं ठाऊक होतं; संस्था तो देणार नव्हती. मी म्हटलं, पोरी, तुझं आणि मुलाचं, दोघांचं रक्त पुन्हा घ्यावं लागेल, मी येतो.

"पुन्हा?" ती म्हणाली. "आणि तुम्ही कोण?"

मी नाव सांगितलं. पुढचं, म्हणजे वहीचं, तिच्या दारात जाऊन सांगावं लागणार आहे.